माशांचं पाणी

"आपोआप झालं पाहिजे," असं म्हणून आमचे हेडसर दोन्ही तळहात एकमेकांवर झटकायचे. पोळ्या लाटून झाल्यावर बाई हाताचं पीठ झटकते ना, अगदी तसे. फरक इतकाच, की हेडसरांच्या हाताला कधी काही लागलेलंच नसायचं.

तुम्ही कुठंही नोकरी केली असेल, शाळेत, बँकेत, पंचायत समितीत, तर असा एक साहेब तुम्ही पाहिलेला आहे. तो कामाबद्दल खूप बोलतो. कामाच्या आड येणाऱ्या माणसांबद्दल त्याहून जास्त बोलतो. काम झालं की ते त्याचं असतं आणि बिघडलं की दुसऱ्याचं. आमच्या हेडसरांचं नाव मी सांगणार नाही. नावाला ते फार जपायचे, ते त्यांच्यापाशीच राहू द्या.

आमची शाळा पाथर्डीच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी आहे. पाचवी ते दहावी. गावातली निम्मी माणसं ऊसतोडीला जातात आणि त्यांची पोरं मागं राहतात, कोणी आजीकडं, कोणी चुलतीकडं. मी तिथं विज्ञान शिकवते. पाथर्डीहून स्कूटीवर ये-जा करते. हेडसर नगरहून स्वतःच्या गाडीनं यायचे आणि उशीर झाला की रस्त्याला शिव्या द्यायचे.

रुजू झाल्याच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी शाळेची घंटा काढून टाकली. रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा होता, कांतामावशी तो लोखंडी दांड्यानं वाजवायच्या. मावशी आमच्या शिपाई. त्यांची घंटा कधी दोन मिनिटं पुढं, कधी मागं, पण शाळा चालत होती. हेडसरांनी त्या जागी भिंतीवर विजेची घंटा लावली. ती तासाच्या वेळा आपली आपण पाळायची आणि वाजल्यावर एका बाईच्या गोड आवाजात सांगायचीसुद्धा, अमुक तास सुरू होत आहे. रविवारीही सांगायची. दिवाळीच्या सुट्टीतही रिकाम्या वर्गांना सांगत राहिली.

एकदा गावातले एक जुने गुरुजी गेले. आम्ही मैदानात पोरं उभी केली, दोन मिनिटं स्तब्धता. गुरुजींचा मुलगा पुढं मान खाली घालून उभा. आणि त्या शांततेत घंटा वाजली आणि बाई म्हणाली, "तिसरा तास सुरू होत आहे." पाचवीची पोरं फिसकन हसली. गुरुजींच्या मुलानं वर पाहिलं. मला धरणी दुभंगावी असं झालं. हेडसर माझ्याकडं झुकून हळूच म्हणाले, "बघितलंत मॅडम? सेकंदाचाही फरक नाही."

मग अंगठ्याचं मशीन आलं. आम्ही सगळे येता-जाता अंगठा लावायचो. हेडसरांचा अंगठा मात्र त्या मशीनला कधी लागला नाही. "माझ्या अंगठ्याला रेषाच राहिल्या नाहीत मॅडम, लिहून लिहून झिजल्या," असं ते सांगायचे. शाळेतलं सगळं लिहायचं काम मी आणि आमचे क्लार्क करायचो. आमच्या रेषा शाबूत होत्या.

त्यानंतर आले मासे.

संस्थेच्या कुठल्याशा पदाधिकाऱ्याच्या केबिनमध्ये त्यांनी माशांची पेटी पाहिली होती. आठ दिवसांत आमच्याकडं टेम्पोतून चार फुटी काचेची टाकी उतरली. सहा सोनेरी मासे, तळाला रंगीत खडे, एक प्लास्टिकचं देऊळ आणि बुडबुडे सोडणारा पंप. टाकी केबिनमध्ये हेडसरांच्या खुर्चीच्या मागं ठेवली, म्हणजे त्यांच्यासमोर बसणाऱ्याला हेडसर आणि मासे एकाच वेळी दिसावेत.

एक गोष्ट मान्य करायला हवी. त्या माशांवर त्यांचा जीव होता. त्यांना ते "बाळांनो" म्हणायचे. डोक्यावर पांढरा ठिपका असलेल्या एकाचं नाव त्यांनी टोपीवाला ठेवलं होतं. तो जरा कमी खातोय असं वाटलं तर दिवसभर त्यांचं कशात लक्ष लागत नसे. शाळेतल्या तीनशे पोरांपैकी एकाचंही नाव त्यांना येत नव्हतं. पोरीला हाक मारायची तर "ए मुली", पोराला नुसतंच "ए".

आमच्या भागात ऊन कडक. टाकीतलं पाणी दोन-तीन दिवसांत बोटभर खाली जायचं आणि मावशी बोअरचं पाणी जगानं वर ओतायच्या. बोअरचं पाणी इतकं जड, की काचेवर पाण्याच्या काठाशी एक पांढरी रेघ धरायला लागली. हेडसरांना ती रेघ सहन होईना.

"मावशी, हा काय चुना लावलाय काचेला?"

"चुना न्हाई सर, पानीच तसलं हाय. आमच्या हंड्याला बगा की घरी येऊन. खरवडून निगत न्हाई."

"रोज पुसत जा."

"पुसते की. म्या पुसते अन् ते येतंय."

इथं मी तोंड उघडलं. नसतं उघडलं तर ही गोष्ट झाली नसती, म्हणून सांगते. मी म्हणाले, "सर, वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी. त्यातले क्षार मागंच राहतात. आपण वरून पुन्हा क्षाराचंच पाणी ओततो, म्हणून ते वाढत जातात. वरची भर शुद्ध पाण्याची घातली तर रेघ वाढणार नाही." मला वर्गात शिकवतानाचा आनंद झाला होता. हेडसर कधी नव्हे ते माझ्याकडं लक्ष देऊन पाहत होते. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर शाळेत पाणी शुद्ध करायचं मशीन आलं. पुण्यात धंद्यात जम बसलेल्या एका माजी विद्यार्थ्यानं पोरांसाठी दिलं होतं. स्टीलची चकचकीत टाकी, खाली तीन नळ. व्हरांड्यात बसवलं. उद्घाटनाला गावातल्या बायका आल्या होत्या. एका बाईनं तांब्याभर पाणी पिऊन पाहिलं आणि म्हणाली, "ह्याला तर चवच न्हाई." सगळे हसले. पोरं मात्र तीन-तीन ग्लास पाणी प्यायली. घरून बाटली आणायची गरज संपली, याचा त्यांना केवढा आनंद.

दुसऱ्या आठवड्यात हेडसरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांनी टाकीमागच्या भिंतीवर बोटानं टकटक केलं.

"मॅडम, ह्या भिंतीच्या पलीकडं काय आहे?"

"पाण्याचं मशीन, सर."

"एक भोक, एक नळी. टाकीतलं पाणी कमी झालं की शुद्ध पाणी आत येईल, भरलं की बंद होईल. मावशी नको, जग नको. आपोआप झालं पाहिजे." आणि हात झटकले.

मी म्हणाले, "सर, ते मशीन पोरांचं आहे."

"अहो, दिवसाला तांब्याभर पाणी लागणार. पोरं तेवढं सांडतात." मग जरा थांबून म्हणाले, "आणि हे तुम्हालाच जमेल. बाकीच्यांना कुठं कळतंय?"

मी घरून नवऱ्याचं ड्रिल मशीन आणलं. शनिवारी शाळा सुटल्यावर भिंतीला भोक पाडलं, नळांकडं जाणाऱ्या पाइपला जोड देऊन बारीक पांढरी नळी आत घेतली, मध्ये एक कॉक बसवला आणि टाकीच्या कोपऱ्यात फ्लोट लावला. आपल्या गच्चीवरच्या टाकीत असतो तसाच, पण छोटा. काचेला वरच्या बाजूला जास्तीचं पाणी निघून जायला एक भोक होतंच. त्याला दुसरी नळी जोडून मी ती खिडकीतून बाहेर सोडली. फ्लोट बिघडलाच तर केबिनमध्ये पाणी पसरायला नको, म्हणून. हेडसर पंख्याखाली बसून "जरा डावीकडं", "जरा वर" असं सांगत होते. मावशी दारात उभ्या राहून बघत होत्या.

"मॅडम, मासं बोअरच्या पान्यावर जगत न्हाईत व्हय?"

"जगतात मावशी. काच खराब होते."

"बरं," मावशी म्हणाल्या आणि केरसुणी घेऊन निघून गेल्या. त्या 'बरं'चा अर्थ मला तेव्हा कळला होता. मी न कळल्यासारखं केलं.

दोन महिने सगळं झकास चाललं. येईल त्या पाहुण्याला हेडसर टाकी दाखवायचे. माझं नाव त्यात कधी यायचं नाही, त्याचं मला काही वाटलं नाही. काही वाटलं नाही असं मी ठरवलं होतं.

फेब्रुवारीत ऊन तापलं आणि मधल्या सुट्टीच्या आतच नळ कोरडे पडायला लागले. सकाळी दोन तास पाणी यायचं, मग नुसती फुरफुर. हेडसरांनी परिपाठाला पोरांना झाडलं, "फुकट मिळालं की किंमत नसते तुम्हाला! नळ उघडे टाकता!" एका पोराला सगळ्यांसमोर उठाबशा काढायला लावल्या. त्यानं नळ उघडा टाकला होता का, हे कोणालाच माहीत नव्हतं. मग नळांवर पत्र्याची पेटी बसवून कुलूप घातलं. किल्ली हेडसरांच्या खिशात. मधल्या सुट्टीत मावशी किल्ली मागून पेटी उघडायच्या, तोवर मशीनची टाकी रिकामी झालेली असायची. मशीन दिवसभर घरघरत होतं. त्याला एक हंडा शुद्ध पाणी काढायला दोन हंडे खारं पाणी बाहेर टाकावं लागतं, त्यामुळं बोअरची गच्चीवरची टाकीही दुपारी संपायची. शाळेच्या वेळात फाटकाला कुलूप, म्हणून पोरांना रस्त्यापलीकडच्या हापशावर जाता येत नव्हतं. हा नियमही हेडसरांचाच.

एका गुरुवारी मी शाळेच्या मागच्या बाजूनं येत होते. हेडसरांच्या खिडकीखाली गुडघाभर हिरवंगार गवत. सगळं आवार तांबडं, फुफाट्याचं आणि तेवढाच तुकडा पोपटी. मी वाकून पाहिलं. खिडकीतून आलेल्या नळीतून पाणी येत होतं. थेंब थेंब नव्हे, करंगळीएवढी धार.

मी तशीच केबिनमध्ये गेले. फ्लोटचं रबर वाकडं झालं होतं. पाणी आत येणं बंदच होत नव्हतं. पोरांच्या नळातून टाकीत, टाकीतून खिडकीबाहेर. किती दिवस, देव जाणे.

"सर, फ्लोट गेलाय. पोरांचं पाणी सगळं इथून वाहून जातंय." मी कॉककडं हात नेला.

"थांबा, हात लावू नका!" हेडसर खुर्चीतून उठले. इतक्या चपळाईनं उठताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "सोमवारी तपासणी आहे. आत्ता बंद केलंत तर पाणी खाली जाईल, पुन्हा ती रेघ दिसेल. आणि वाहतं पाणी आहे म्हणून बघा कसं झऱ्यासारखं वाटतंय. माशांना वाहतं पाणीच चांगलं."

"पण सर, पोरं..."

"चार दिवसांनी काही मरत नाहीत पोरं. सोमवारनंतर बदलू."

माझा हात कॉकवर होता. पाव वळसा दिला असता की संपलं असतं. मी हात काढून घेतला. का, असं तुम्ही विचाराल. माझ्या बदलीचा अर्ज त्यांच्या टेबलावर पडून होता. मला पाथर्डीतली शाळा हवी होती, माझी लेक तेव्हा बालवाडीत होती. मी मनाशी म्हणाले, चार दिवस तर आहेत. त्यांचंच वाक्य मी माझ्या मनात म्हणत होते, ते माझ्या लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल.

शाळेच्या मागं नव्या खोलीचं बांधकाम चालू होतं. तिथं सिमेंटचा उघडा हौद होता, भिंतींवर मारायला त्यात टँकरचं पाणी साठवत. वर शेवाळ, कडेला कुत्री. पोरं त्या हौदात ओंजळ घालून पाणी पीत होती. शुक्रवारी मी दोघांना हाकललं. "हे पाणी पिऊ नका रे," म्हणाले. मग कुठलं प्यायचं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

शनिवारी नववीतल्या अश्विनीला वर्गातच उलट्या सुरू झाल्या. आईबाप कारखान्यावर, पोरगी चुलतीकडं राहायची. शांत, टापटीप, विज्ञानाची वही छापल्यासारखी. मी तिला स्कूटीवर घरी सोडलं. रविवारी कळलं, जुलाब थांबेनात म्हणून सरकारी दवाखान्यात सलाईन लावलंय.

सोमवारी तपासणी. तालुक्याहून साहेब आले. बोलायला साधे गृहस्थ. केबिनमध्ये मी दप्तरं काढून देत होते आणि हेडसर साहेबांना टाकी दाखवत होते. मासे संथ झाले होते, टोपीवाला तर तळाशी एका कुशीवर टेकला होता. "विश्रांती घेतोय," हेडसर म्हणाले. "साहेब, इथं माणसाचा हात लागत नाही. सगळं आपोआप."

तेवढ्यात दारात अश्विनीची चुलती येऊन उभी राहिली. डेअरीला दूध घालून तशीच आली होती, हातात रिकामी किटली. तिला फाटक मावशींनी उघडून दिलं होतं.

"मोटं सर तुमीच का?"

"बाई, तपासणी चालू आहे. उद्या या."

"उद्या कशाला? आमच्या पोरीला काल दोन बाटल्या चढवल्यात. डाक्टर म्हनतो, खराब पानी पेली. साळंत येवढं मशीन हाय, मंग पोरीनं हौदाचं पानी का पेलं, येवढंच इचारायला आले."

साहेब म्हणाले, "बसा बाई. नीट सांगा."

ती बसली नाही. तिचं लक्ष टाकीकडं गेलं होतं. कोपऱ्यातून पाणी आत पडत होतं, त्याचा बारीक आवाज केबिनभर होता.

"ह्ये पानी कुटनं येतंय?"

"ते आपोआप येतं," हेडसर म्हणाले.

"आपोआप म्हंजी कुटनं?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. हेडसरांनी साहेबांकडं पाहिलं, साहेबांनी माझ्याकडं.

"पोरांच्या नळातून येतं," मी म्हणाले. "पलीकडच्या मशीनमधून. भिंतीला भोक मी पाडलंय, नळी मी टाकलीय. फ्लोट बिघडून सगळं पाणी बाहेर वाहतंय, हे मला गुरुवारपासून माहीत आहे."

मी आणखी बोलणार होते, पण हेडसर माझ्या आधी बोलले. एक क्षणही न थांबता बोलले, म्हणून अजून आठवतं.

"बघा साहेब, ऐकलंत ना? ह्यांनीच केलंय. मला त्यातलं टेक्निकल काही कळत नाही. पोरांच्या पाण्याला हात लावू नका, असं मी बजावून सांगितलं होतं."

माणसाचा तिरस्कार वाटणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. राग येतो तेव्हा अंग तापतं. हे वेगळं होतं. एखाद्या जागेवरून आपण पाय उचलून घेतो ना, तसं मन त्यांच्यावरून उचललं गेलं. ते पुन्हा कधी टेकलं नाही.

चुलतीनं हेडसरांकडं पाहिलंसुद्धा नाही. ती माझ्याकडं बघत होती.

"अश्विनीला तुमीच शिकिवता ना, मॅडम?"

"हो."

"घरी सारकं तुमचंच नाव घेती ती."

एवढं बोलून ती किटली घेऊन निघून गेली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

साहेबांनी स्वतः उठून कॉक बंद केला. नळांची पेटी उघडायला लावली, शेरेबुकात शेरा लिहिला आणि चहा न घेता गेले.

दुपारी तीनच्या सुमाराला हेडसरांनी मला बोलावलं. मी जाणार नव्हते. मावशी म्हणाल्या, "जावा मॅडम. त्यो मानूस रडतोय."

हेडसर बाह्या वर करून कोपरापर्यंत हात टाकीत घालून उभे होते. तीन मासे वर तरंगत होते. टोपीवाला त्यांच्या ओंजळीत होता, तोंड उघडत-मिटत होता.

"मॅडम, ह्यांना काय झालं? पाणी तर एकदम शुद्ध आहे."

मी प्रयोगशाळेतून लिटमसची पट्टी आणून पाण्यात बुडवली. पाणी आंबट झालं होतं. आंबू न देणारे क्षार पाण्यात असावे लागतात, तेच त्या धारेबरोबर धुऊन गेले होते. वाफ झालेल्या पाण्याची भर शुद्ध पाण्यानं करायची असते. पाणीच सगळं बदलून शुद्ध करायचं नसतं. हे सांगायला मला गुरुवारी सुचायला हवं होतं. गुरुवारी मला माझा अर्ज सुचत होता.

"बोअरचं पाणी घालावं लागेल," मी म्हणाले. "हळूहळू, मगामगानं. एकदम नको."

"मावशी, बादलीभर पाणी आणा पटकन!"

बोअरची टाकी तर संपलेली. मावशी दारातून हलल्या नाहीत. "पानी रस्त्यापल्याड हापशावर हाय सर. बादली ती बगा, कोपऱ्यात. तुमीच आना."

मला वाटलं, आता ते मावशींवर ओरडतील. त्यांनी बादली उचलली.

साहेबांच्या सांगण्यावरून त्या दिवशी फाटक उघडं ठेवलं होतं आणि हापशावर पोरींची रांग लागली होती. हेडसर रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. ओले हात, डोळे लाल. मी व्हरांड्यातून पाहत होते. हे दृश्य पाहून मला बरं वाटावं, अशी माझी मनापासून इच्छा होती. पण रांगेतल्या पोरी मागं वळून बघायला लागल्या आणि मग एकेक करून बाजूला झाल्या. "सर, तुम्ही घ्या अगोदर." एक पोरगी पुढं होऊन हापसायलाही लागली. बादली भरली तशी हेडसरांनी उचलली आणि पाणी सांडत घाईघाईनं आले. त्या पोरीकडं त्यांनी मान वर करून पाहिलं नाही.

तासभर ते मगानं पाणी घालत बसले. एक मग, थोडं थांबायचं, मग दुसरा. प्रत्येक वेळी विचारायचे, "जगेल ना हो, मॅडम?" त्यांचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. मला त्यांची कीव आली, नाही म्हणत नाही. पण कीव आली म्हणून आधीचं काही पुसलं गेलं, असंही झालं नाही. दोन्ही शेजारी शेजारी राहिलं. टोपीवाला आणि आणखी एक जगला.

माझ्याकडून लेखी खुलासा मागवला गेला. मी जे झालं ते लिहिलं, गुरुवारसकट. त्यांच्याकडून काय मागवलं गेलं ते मला माहीत नाही. मे महिन्यात त्यांची नगरजवळच्या मोठ्या शाळेत बदली झाली. त्यांना तीच हवी होती. निरोपाला शाल, श्रीफळ, फोटो. भाषणात ते म्हणाले, "ह्या शाळेत मी पाण्याची सोय करून गेलो, याचं समाधान आहे." टाळ्या वाजल्या. मी वाजवल्या नाहीत, एवढाच माझा पराक्रम. माझ्या अर्जाचं काही झालं नाही. मी अजून तिथंच आहे.

भिंतीतलं भोक मी स्वतः सिमेंटनं बुजवलं. टाकी ते तिथंच ठेवून गेले. मावशी तिच्यात हापशाचं पाणी घालतात, काचेला पांढरी रेघ आहे आणि नव्या हेडबाईंना तिचं काही वाटत नाही.

अश्विनी पंधरा दिवसांनी शाळेत आली. वाळली होती. येताना घरून पाण्याची बाटली घेऊन आली. नळांना आता दिवसभर पाणी असायचं, बाकीची पोरं धावत जाऊन प्यायची. मी तिला एकदा म्हणाले, "अगं, आता चांगलं आहे पाणी. मी रोज तपासते." ती म्हणाली, "हो मॅडम," आणि बाटलीचं झाकण लावलं. दहावी होईपर्यंत तिनं त्या नळाला हात लावला नाही. माझ्या तासाला पहिल्या बाकावर बसायची, सगळी उत्तरं द्यायची. वही तशीच छापल्यासारखी. पण मुद्दाम थांबून माझ्याशी बोलायची, ते बंद झालं.

गेल्या वर्षी प्रयोगशाळेचं सामान आणायला नगरला गेले होते. माळीवाड्याच्या बाजूला रिक्षा शोधत होते, तर मागून हाक आली, "मॅडम!" हेडसर. आता निवृत्त झालेले. केस पिकलेले, हातात भाजीची पिशवी. बरोबर त्यांच्या मिसेस होत्या.

"ह्या आमच्या सायन्सच्या मॅडम," त्यांनी बायकोला सांगितलं. "फार हुशार." मग माझी चौकशी केली, माझ्या लेकीची केली. रस्ता झाला का, विचारलं. मी उत्तरं दिली. बोलणं संपत आलं तसे ते घुटमळले, पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मॅडम, ते दोन जगले का हो?"

"जगले. चांगले मोठे झालेत."

त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला. "देवाची कृपा," म्हणाले. डोळ्यात पाणी आल्यासारखं मला वाटलं.

मी तिथंच थांबले. माझ्याकडं आणखी एक उत्तर तयार होतं. अश्विनी बरी आहे. दहावीला शाळेत पहिली आली, आता नगरलाच शिकते, हॉस्टेलला राहते. तेवढं विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं, कदाचित जरा हसूनही सांगितलं असतं.

त्यांनी रिक्षाला हात केला. बायकोला आधी बसवलं, पिशवी पायाशी नीट ठेवली आणि बाहेर डोकं काढून म्हणाले, "येतो मॅडम."

रिक्षा गेली.